फुल-फ्रेम कॅमेऱ्यासाठी एकच झूम लेन्स घ्यायची तर कोणती?

लग्नसमारंभाचे फोटो काढणारे, दुकानदारांच्या मालाचे फोटो काढून देणारे आणि आपल्या कारागिरीचे नमुने स्वतःच टिपणारे असे अनेक बांधव आता फुल-फ्रेम कॅमेऱ्याकडे वळले आहेत. कॅमेरा घेण्यातच निम्मेअधिक भांडवल संपते आणि मग लेन्सचा प्रश्न उभा राहतो. दोन-तीन लेन्स एकदम घेण्याची ऐपत प्रत्येकाची नसते. ऐपत असली तरी भर कार्यक्रमात लेन्स बदलत बसण्याइतका वेळ मिळत नाही. निकाहच्या वेळी नवरदेवाने 'कबूल' म्हटले, तो क्षण पुन्हा येत नाही. त्या वेळी फोटोग्राफरच्या एका हातात कॅमेरा आणि दुसऱ्या हातात सुटी लेन्स असेल तर त्याचे नाव त्या घरात कायमचे खराब होते.

म्हणूनच जवळचे आणि लांबचे दोन्ही टिपणारी एकच झूम लेन्स घेण्याकडे पुष्कळांचा कल असतो. बाजारात तिला 'ऑल-इन-वन' म्हणतात. नावावरून ती सर्व कामे सारखीच चांगली करील असे वाटते. परंतु तसे नसते. एका बाजूला पल्ला वाढला की दुसऱ्या बाजूला प्रकाश, वजन किंवा रेखीवपणा यांपैकी काहीतरी द्यावे लागते. काय घ्यायचे आणि काय सोडायचे, हे दुकानदाराने नव्हे तर आपल्या धंद्याने ठरवले पाहिजे. ते कसे ठरवावे, हे आम्ही या लेखात क्रमाने सांगणार आहोत.

प्रथम तीन गोष्टी समजून घ्या

फुल-फ्रेम म्हणजे ज्या कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मि.मी. रुंद आणि २४ मि.मी. उंच आहे असा कॅमेरा. जुन्या ३५ मि.मी. फिल्मच्या एका चौकटीचे मापही हेच होते.

दुसरी गोष्ट फोकल लेंग्थ. लेन्सवर २४-१०५ असे लिहिलेले असते. त्यातला लहान आकडा रुंद दृश्य देतो आणि मोठा आकडा लांबचे जवळ आणतो.

तिसरी गोष्ट ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचे तोंड. एफ/४, एफ/६.३ असे ते लिहितात. येथे हिशेब उलटा आहे. आकडा जितका लहान, तितके तोंड मोठे आणि प्रकाश अधिक.

१९९२ साली जपानच्या टॅमरॉन कंपनीने २८-२०० मि.मी.ची आटोपशीर झूम लेन्स बाजारात आणली आणि एका लेन्सवर सर्व काम ही कल्पना सामान्य फोटोग्राफरपर्यंत पोहोचली. तेव्हापासून पल्ला वाढतच गेला. निकॉनने २०२४ साली आपल्या झेड कॅमेऱ्यांसाठी २८-४०० मि.मी.ची लेन्स आणली. तरीही पल्ला आणि प्रकाश यांच्यातील ओढाताण तेव्हा होती, तशीच आजही आहे.

बाजारातील दोन प्रकार

पहिला प्रकार मध्यम पल्ल्याचा आणि कायम एफ/४ असणारा. सोनीची २४-१०५ एफ/४ जी (२०१७, वजन ६६३ ग्रॅम), कॅननची आरएफ २४-१०५ एफ/४ एल (२०१८, ७०० ग्रॅम) आणि निकॉनची झेड २४-१२० एफ/४ एस (२०२१, ६३० ग्रॅम) या त्या प्रकारच्या लेन्स होत. झूम कितीही फिरवा, तोंड एफ/४ राहते.

दुसरा प्रकार लांब पल्ल्याचा. कॅननची आरएफ २४-२४० (२०१९, ७५० ग्रॅम), निकॉनची झेड २४-२०० (२०२०, ५७० ग्रॅम) आणि सोनीच्या कॅमेऱ्यासाठी टॅमरॉनची २८-२०० (२०२०, ५७५ ग्रॅम) या लेन्स या प्रकारात येतात. यांचे तोंड झूम वाढवताना लहान होत जाते. कॅनन आणि निकॉनच्या या दोन्ही लेन्स एफ/४ पासून सुरू होऊन एफ/६.३ ला पोहोचतात. टॅमरॉनची एफ/२.८ पासून एफ/५.६ पर्यंत जाते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. कॅननची आणखी एक आरएफ २४-१०५ आहे. ती २०२० साली आली, वजनाला केवळ ३९५ ग्रॅम आणि किमतीला पुष्कळ स्वस्त. परंतु तिचे तोंड एफ/४ पासून एफ/७.१ पर्यंत लहान होत जाते. '२४-१०५ स्वस्तात मिळाली' म्हणून आनंदाने घरी आणणारा नंतर हॉलमध्ये गेल्यावर चक्रावतो. म्हणून पल्ल्याच्या आकड्यासोबत एफचा आकडाही पूर्ण वाचावा. एकच आकडा असेल तर तोंड कायम, दोन आकडे असतील तर बदलते.

रुंदीचा हिशेब

कोणती लेन्स किती रुंद दृश्य घेईल, हे कागदावर काढता येते. कॅमेरा आडवा धरला असता, माणसांपासूनचे अंतर मीटरमध्ये घ्या, त्याला ३६ ने गुणा आणि फोकल लेंग्थने भागा. जे उत्तर येईल तितके मीटर रुंद दृश्य चौकटीत येईल.

समजा, घरगुती समारंभ आहे आणि खोलीत मागे सरकायला साडेतीन मीटरच जागा आहे. २४ मि.मी.वर ३.५ गुणिले ३६ भागिले २४, म्हणजे सव्वापाच मीटर रुंदी मिळते. २८ मि.मी.वर साडेचार मीटर मिळते. खांद्याला खांदा लावून उभ्या माणसास सुमारे ४५ सेंटिमीटर जागा धरली तर पहिल्या लेन्समध्ये अकरा माणसे मावतात, दुसरीत दहा आणि तीही अगदी काठोकाठ. चार मि.मी.चा फरक ऐकायला क्षुल्लक वाटतो. मात्र लहान खोल्यांतून काम करणाऱ्यास तो रोज जाणवतो. जे मैदानात, लॉनवर किंवा मोठ्या हॉलमध्येच काम करतात, त्यांना २८ पासून सुरू होणारी लेन्स अडचणीची वाटणार नाही, कारण ते दोन पावले मागे जाऊ शकतात. २४ मि.मी.वर काठावरची माणसे ताणून रुंद दिसतात, हेही ध्यानात ठेवावे आणि घरातील वडीलधाऱ्यांना मधोमध उभे करावे.

आता लांबचा हिशेब. मंचापासून १५ मीटरवर उभे राहिले तर १०५ मि.मी.वर पाच मीटरहून थोडी अधिक रुंदी चौकटीत येते, म्हणजे मंचावरील पाहुण्यांची अर्धी रांग. २०० मि.मी.वर २.७ मीटर येते, म्हणजे वक्ता आणि त्याच्या शेजारचे दोघे-तिघे. निकाह पढवला जात असताना काझी साहेबांच्या पुढ्यात जाऊन उभे राहणे शोभत नाही आणि वडीलधाऱ्यांना ते रुचतही नाही. अशा वेळी बाजूला उभे राहून काम करणाऱ्यास लांब पल्ला खरोखर उपयोगी पडतो.

मग लांब पल्ल्याचीच का घेऊ नये? याचे उत्तर प्रकाशात आहे.

प्रकाशाचा हिशेब

एफ/४ आणि एफ/६.३ यांत जवळजवळ अडीचपट प्रकाशाचा फरक आहे. एफ/४ आणि एफ/८ यांत चौपट. याचा व्यवहारातील अर्थ असा. मशिदीत किंवा साध्या दिव्यांच्या हॉलमध्ये, जेथे फ्लॅश मारणे बरे दिसत नाही तेथे, एफ/४ वर आयएसओ ३२०० आणि शटर १/१२५ असे बसत असेल, तर एफ/६.३ वर आयएसओ ८००० करावा लागेल किंवा शटर १/५० वर आणावे लागेल. आयएसओ वाढवला तर दाणे वाढतात आणि रंग फिके पडतात. शटर मंद केले तर चालणारा नवरदेव आणि धावणारी मुले अस्पष्ट येतात.

येथे विक्रेते सांगतात की लेन्समध्ये कंप रोखण्याची सोय आहे, काळजी नको. ही गोष्ट अर्धीच खरी आहे. ही सोय फोटोग्राफरचा हात स्थिर करते, समोरच्या माणसाला स्थिर करत नाही. स्थिर मंच, सजावट, इमारत यांसाठी ती कामाची आहे. हलणाऱ्या माणसासाठी वेगवान शटरच लागते.

ती सोय कोठे आहे हेही पहावे. टॅमरॉनच्या २८-२०० मध्ये आणि निकॉनच्या २४-१२० मध्ये ती नाही, ते काम कॅमेऱ्यावर सोपवलेले आहे. उलट कॅननच्या आरपी आणि आर८ या कॅमेऱ्यांत फोटोसाठी अशी सोय नाही, म्हणून तेथे लेन्समध्ये ती असणे महत्त्वाचे ठरते.

परंतु याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दिवसा उघड्यावर काम असेल तर प्रकाश मुबलक असतो आणि आपण तोंड एफ/८ पर्यंत स्वतःच लहान करतो. मोठ्या ग्रुप फोटोत मागची रांगही स्पष्ट यावी म्हणून फ्लॅश लावूनसुद्धा एफ/५.६ ते एफ/८ वरच काम होते. स्टुडिओत दिवे लावून मालाचे फोटो काढणाराही असेच करतो. अशा कामात एफ/४ चा जादा पैसा वापरलाच जात नाही. तेथे लांब पल्ल्याची लेन्स जवळपास तेच काम देते आणि पल्ला अधिक देते.

बदलत्या तोंडाच्या लेन्सवर मॅन्युअल पद्धतीने फ्लॅशचे काम करणाऱ्यांनी एक युक्ती लक्षात ठेवावी. कॅनन-निकॉनच्या लांब पल्ल्याच्या लेन्सवर सुरुवातीलाच एफ/६.३ किंवा एफ/८ लावून ठेवावे. मग झूम फिरवला तरी तोंड बदलत नाही आणि एक फोटो उजळ, दुसरा काळा असे होत नाही.

कारागिरांसाठी जवळच्या फोटोचा विचार

चांदीचे दागिने, जरीकाम, लाकडावरील कोरीव काम यांचे फोटो काढणाऱ्याने पल्ल्यापेक्षा लेन्स किती जवळून टिपते हे आधी पहावे. माहितीपत्रकात हा आकडा 'मॅग्निफिकेशन' म्हणून दिलेला असतो. ३६ ला त्या आकड्याने भागले की किती मि.मी. रुंदीची वस्तू पूर्ण चौकट भरेल ते कळते.

कॅननच्या २४-१०५ एफ/४ चा आकडा ०.२४ आहे. म्हणजे १५० मि.मी., साधारण वीतभराहून कमी रुंदी. सोनीच्या २४-१०५ चा ०.३१ आहे, म्हणजे ११६ मि.मी. निकॉनच्या २४-१२० चा ०.३९ आहे, म्हणजे ९२ मि.मी. पॅनासॉनिकने २०२४ साली आणलेल्या २८-२०० चा आकडा ०.५ आहे, म्हणजे ७२ मि.मी. मेंदीचा हात, गळ्यातील हार, साडीचा काठ यांना यांपैकी कोणतीही चालेल. अंगठीतील खड्याचे बारीक काम दाखवायचे असेल तर यांपैकी एकही पूर्ण पुरणार नाही. त्यासाठी मॅक्रो लेन्सच लागते.

दरवाजे, फर्निचर, फरशी, पडदे यांचे फोटो काढणाऱ्यांनी सरळ रेषांची परीक्षा घ्यावी. लांब पल्ल्याच्या लेन्स रुंद टोकाला रेषा वाकवतात आणि कॅमेरा त्या आतल्या आत सरळ करतो. कॅननची २४-२४० तर २४ मि.मी.वर या दुरुस्तीवरच अवलंबून आहे. दुरुस्तीनंतर चित्र चांगले दिसते, परंतु कोपऱ्यांतील बारकावा थोडा कमी होतो. पाहुण्यांच्या फोटोत ते कोणाच्या लक्षात येत नाही, कपाटाच्या कॅटलॉगात येते.

आपली खतावणी उघडा

आता निर्णय कसा घ्यायचा? प्रत्येक डिजिटल फोटोच्या फाइलमध्ये तो कोणत्या फोकल लेंग्थवर, कोणत्या ॲपर्चरवर, किती आयएसओवर काढला याची नोंद आपोआप झालेली असते. लाइटरूमसारख्या प्रोग्राममध्ये फोकल लेंग्थप्रमाणे फोटो वेगळे करता येतात. ज्यांच्याकडे तो नाही, त्यांनी संगणकावर फाइलची माहिती उघडून पहावी. मागील तीन कामांचे, गिऱ्हाइकाला दिलेले एक हजार फोटो घ्या आणि वहीत मांडणी करा.

समजा, एका फोटोग्राफरचा हिशेब असा निघाला : २४ ते ३५ मि.मी. मध्ये ४२० फोटो, ३५ ते ७० मध्ये ३१०, ७० ते १०५ मध्ये १८०, १०५ ते २०० मध्ये ८० आणि त्यापुढे १०. म्हणजे हजारातील ९१० फोटो १०५ च्या आतच आहेत. बहुतेकांचा आयएसओही ३२०० च्या आसपास असेल, तर या बंधूने एफ/४ ची मध्यम पल्ल्याची लेन्स घ्यावी. उरलेल्या ९० फोटोंसाठी रोजचा प्रकाश गहाण टाकण्यात फायदा नाही. त्या ८० फोटोंपैकी बरेच तर कॅमेऱ्यातील क्रॉप पद्धतीने निघतील. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात दीडपट क्रॉप केले की १०५ ची लेन्स सुमारे १५७ चे दृश्य देते आणि चित्र दहा मेगापिक्सेलच्या आसपास उरते. १२ बाय ८ इंचाच्या छापील फोटोला तेवढे पुरते.

दुसऱ्या एकाचा हिशेब वेगळा निघेल. शाळांचे क्रीडामहोत्सव, सभा, मिरवणुका असे त्याचे काम दिवसाचे आणि उघड्यावरचे असेल, हजारात ४०० फोटो १०५ च्या पुढचे असतील आणि आयएसओ ४०० च्या वर क्वचितच गेलेला असेल. त्याने निःशंकपणे लांब पल्ल्याची लेन्स घ्यावी. एफ/४ ची महाग लेन्स घेऊन तो दर वेळी दूरचा फोटो गमावील.

वही वाचताना एक गोष्ट तपासा. सध्याची लेन्स ७० मि.मी.लाच संपत असेल आणि बरोबर ७० वर फोटोंचा ढीग पडला असेल, तर तुम्हाला पुढे जायचे होते आणि लेन्स पुरली नाही असा त्याचा अर्थ होतो. रुंद टोकाला ढीग असेल तर जागा अपुरी पडत होती.

रात्रीचे काम अधिक असणाऱ्यांना आमचा सल्ला असा की एफ/४ च्या झूमसोबत ५० मि.मी. एफ/१.८ ची एक छोटी लेन्स पिशवीत ठेवावी. ती एफ/४ च्या जवळजवळ पाचपट प्रकाश घेते आणि तुलनेने स्वस्त असते. अंधाऱ्या प्रसंगी ती आधीच कॅमेऱ्यावर चढवून ठेवावी, ऐन वेळी नव्हे.

खरेदी करताना

प्रथम लेन्स खरोखर फुल-फ्रेमसाठी आहे का, ते पहा. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठीही १८-१३५, १८-३०० अशा आकर्षक आकड्यांच्या लेन्स मिळतात. निकॉनवर 'डीएक्स', कॅननवर 'ईएफ-एस' किंवा 'आरएफ-एस', सिग्मावर 'डीसी' ही त्यांची खूण आहे. सोनीच्या फुल-फ्रेम लेन्सवर 'एफई' असते, नुसते 'ई' असेल तर ती लहान सेन्सरची. कॅनन आर, निकॉन झेड आणि सोनीच्या कॅमेऱ्यांवर अशी लेन्स लावली तर कॅमेरा सेन्सरचा मधला भागच वापरतो आणि फुल-फ्रेमला मोजलेला पैसा वाया जातो. जुन्या कॅनन फुल-फ्रेम कॅमेऱ्यांवर तर ईएफ-एस लेन्स बसतच नाही.

दुकानात आपला कॅमेरा आणि आपले कार्ड घेऊन जा. दोन्ही टोकांवर आणि मध्यावर, तोंड पूर्ण उघडे ठेवून फोटो काढा. समोरच्या दुकानाचे शटर किंवा फरशीची भिंत यासाठी उत्तम, कारण रेषा आणि कोपरे दोन्ही दिसतात. झूम सावकाश फिरवा आणि कोणत्या ठिकाणी एफचा आकडा बदलतो ते पडद्यावर वाचा. लेन्स ७० मि.मी.वरच बरीच लहान होत असेल तर खोक्यावरील एफ/४ हा आकडा केवळ शोभेचा आहे असे समजावे.

जुनी लेन्स घेत असाल तर आतून टॉर्च मारून पहा. धुळीचे एक-दोन कण चालतील, परंतु कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी होय आणि तो सौदा सोडावा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हा धोका अधिक. लेन्स खाली धरली असता नळी आपोआप घसरत असेल, किंवा झूमची कडी मध्येच अडत असेल, तर तिने बरेच काम केले आहे असे समजा. आपली लेन्सही पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी आणि पुड्या वरचेवर बदलाव्यात.

पक्के बिल आणि भारतातील कंपनीची हमी घेतल्याशिवाय नवीन माल घेऊ नये. जीएसटीत नोंदणी असलेल्यांनी बिलावर आपला नोंदणी क्रमांक लिहून घ्यावा, म्हणजे कराची वजावट मागता येते.

शेवटी पैशाचा हिशेब

समजा, लेन्सची किंमत ८० हजार रुपये आहे. पाच वर्षे वापरून ती ३० हजारांना विकली, तर खर्च ५० हजार झाला. वर्षाला ४० कामे धरली तर २०० कामे होतात, म्हणजे दर कामामागे २५० रुपये. हा आकडा आपल्या दरात धरला तर लेन्स स्वतःची किंमत स्वतः फेडते. परंतु वर्षाला आठच कामे मिळत असतील तर हाच खर्च कामामागे १२५० रुपये होतो. अशाने घाईने कर्ज काढून व्याजाचा बोजा डोक्यावर घेऊ नये. मोठ्या शहरांत लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. ज्या दोन लेन्समध्ये मन अडकले आहे, त्या दोन्ही एकेका कामासाठी भाड्याने आणाव्यात, ते भाडे गिऱ्हाइकाच्या दरात धरावे आणि रक्कम साठली की जी उपयोगी ठरली ती घ्यावी.

ज्यांचे काम चार भिंतींच्या आत आणि कमी उजेडात चालते, त्यांनी कायम एफ/४ ची २४-१०५ किंवा २४-१२० घ्यावी. ज्यांचे काम उघड्यावर, दिवसा किंवा फ्लॅशवर चालते, त्यांनी २४-२०० किंवा २४-२४० घेण्यास हरकत नाही. आपण यांपैकी कोणत्या रांगेत बसतो याची शंका असेल, त्याने दुकानात जाण्यापूर्वी एक संध्याकाळ काढून मागील हजार फोटो वहीत मांडावेत.